व्याह्यांचे पाय आणि बेटाच्या तीन फेऱ्या

बेटावर पळून आलो असं यवतमाळात कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, "अंदमान का जी?" मी म्हणतो, नाही, पुसदच्या पुढं. मग तो माझ्याकडे जरा काळजीनं बघतो आणि विषय तुरीच्या भावाकडे नेतो.

त्याचं चुकत नाही. यवतमाळ जिल्ह्यात बेट असतं हे मलाही बावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. पुसदच्या दक्षिणेला एक धरण आहे. त्या पाण्याच्या मध्ये एक सागवानी टेकडी उभी आहे. धरण व्हायच्या आधी ती नुसतीच टेकडी होती, लोक तिच्यावर गुरं चारत. पाणी चढलं आणि काही न करता तिला बढती मिळून ती बेट झाली. मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत काढली आहेत, शेवटची आठ हेडक्लार्क म्हणून, त्यामुळे अशा बढत्या मी ओळखतो. बावन्न मी वर चुकून लिहिलं. खरं वय एकोणसाठ आहे, पण शर्यतीच्या अर्जात मुलीनं बावन्न टाकलं होतं आणि तेव्हापासून मला तेच बरं वाटायला लागलं आहे.

या बेटावर दर हिवाळ्यात मॅरेथॉन होते. एकवीस किलोमीटर, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एकदा टेकडी चढायची आणि एकदा उतरायची. मी तिथं हौसेनं गेलो नव्हतो. मी गेलो होतो ते पायांमुळे, आणि तेही माझ्या पायांमुळे नाही.

पुसद, साक्षगंध

माझी मुलगी पल्लवी नागपूरला बँकेत आहे. तिनं तिथंच निखिल नावाचा मुलगा पसंत केला. निखिल पुसदचा. त्याचे वडील दादाराव, म्हणजे माझे होणारे व्याही, यांचं पुसदच्या बाजारात बी-बियाण्यांचं मोठं दुकान आहे. दादाराव साठीचे आहेत आणि रोज पहाटे दहा किलोमीटर पळतात. पहिल्या भेटीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी ताबडतोब म्हणालो, "मी पण पळतो."

मी पळत नाही. मी सकाळी दूध आणायला जातो. पण मुलीचा बाप एकदा पहिल्या बैठकीत बसला की त्याची मान आपोआप हलायला लागते. दादारावांनी त्या दिवशी 'मला मधुमेह आहे' म्हटलं असतं, तर मी 'मलाही आहे' असंच म्हणालो असतो.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुसदला झालं. जेवणं आटोपल्यावर लग्नाचं बोलणं निघालं. दादारावांच्या बहिणीनं सहज विचारलं की पाय धुवायची परात पितळी आणणार की चांदीची. आमच्याकडे लग्नात मुलीचे आईबाप मुलाचे आणि व्याह्यांचे पाय धुतात, सगळ्या मांडवासमोर. मी पितळी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "माझे आई-बाबा कोणाचेच पाय धुणार नाहीत."

खोलीत कुणी सुपारी कातरत होतं, तेही थांबलं. माझ्या बायकोनं पदर खांद्यावर ओढून घेतला. निखिल खाली बघत म्हणाला, "मले पण नको आहे, बाबा." त्याचं कुणी ऐकलं नाही.

दादाराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "इवाईबुवाही पळते म्हणे," ते माझ्याकडे, म्हणजे आपल्या व्याह्याकडे, हात करून सगळ्यांना म्हणाले. "मंग असं करू. बेटावरची शर्यत येऊन राह्यली. तुमच्या घरचं कोणीबी माह्या पुढं निघालं, तं परात रद्द. नाई निघालं, तं पाणी तुम्हीच आणाचं. बोला, मंजूर हाय का?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझी मान हलली.

इथं एक गोष्ट खरी सांगून टाकतो. मला पाय धुवायला काही वाटत नव्हतं. वडिलांनी माझ्या बहिणींच्या लग्नांत धुतले होते. माझ्या लग्नात सासऱ्यांनी माझे धुतले. त्यांची कंबर धरलेली होती, वाकताना त्यांनी एक हात जमिनीला टेकला होता, आणि मी तेव्हा फोटोग्राफरकडे बघत होतो, कारण त्यानं इकडे बघा म्हटलं होतं. तो फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. पल्लवीनं तो लहानपणी पाहिला आणि विचारलं, "आबा खाली काय शोधतात?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

पुढचे दोन महिने मी खरोखर पळालो. पहिल्या आठवड्यात मैदानाला अर्धी फेरी मारून बाकड्यावर बसायचो. दुसऱ्या महिन्यात दूधवाला म्हणाला, "साहेब, तब्येत बरी नाही का, भल्ले सुकून गेले." म्हणजे प्रगती होती. पल्लवी नागपूरला कॉलेजपासून पळते, तिनं फोनवर मला वेळापत्रक दिलं आणि स्वतःचं नावही अर्जात घातलं. "घरचं कोणीबी म्हणाले ना ते," ती म्हणाली. "मी पण घरचीच आहे."

दिग्रसमार्गे, आणि रोडगे

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी आणि बायको एसटीनं दिग्रसमार्गे पुसदला निघालो. त्या दिवसांत हा रस्ता बघण्यासारखा असतो. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लटकलेला असतो. कापणीची तूर उभी असते, मधूनच हरभरा हिरवा. पुसद जवळ येतं तसे डोंगर सुरू होतात आणि गाडी आवाज बदलते. बायको खिडकीतून बघत होती. वाशिमचा फाटा गेल्यावर ती म्हणाली, "एक सांगू का? त्याइच्या पुढं नका पळू. बरं दिसत नाही."

"मग जायचं कशाला?"

"मांगं मांगं पळा. पोरीचं मन राह्यते अन् त्याइचाही मान राह्यते."

तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडून अशी बरीच कामं करून घेतली आहेत, पण हे मला जमेल असं वाटेना.

मुक्काम दादारावांकडेच. शर्यतीच्या आधी काय खावं याबद्दल पल्लवीनं मला एक यादी पाठवली होती, त्यात केळी आणि उकडलेलं रताळं होतं. दादारावांच्या अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजणं चाललं होतं. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, निखाऱ्यात भाजून, फोडून, तुपात बुडवून वरण आणि वांग्याच्या भाजीसोबत खायचा. एक खाल्ला की माणूस बसतो, दोन खाल्ले की लवंडतो. व्याह्याच्या घरी ताटावर आडवा हात धरता येत नाही. मला चार वाढले. दादाराव स्वतः अर्धा खाऊन उठले आणि म्हणाले, "मले उद्या पळाचं हाय." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस जिंकायला उतरला आहे.

काठ

सकाळी सातला आम्ही धरणाच्या काठावर होतो, पल्लवी आणि निखिल नागपूरहून थेट तिथंच आले होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. पाणी शांत, त्यावर धुकं, आणि धुक्यातून टेकडीचं फक्त डोकं दिसत होतं. मी यवतमाळला असा एक देखावा कॅलेंडरवर पाहिला होता आणि तो परदेशातला समजत होतो.

शर्यत भरवणारे राठोड सर काठावरच्या बंजारा तांड्यातले, शाळेत भूगोल शिकवतात. चाळीसएक धावपटू होते. त्यातले तीस पोलीस भरतीची तयारी करणारे मुलगे होते. ही मुलं विदर्भातल्या कुठल्याही शर्यतीत असतात, डोळ्याला दिसायच्या आत जिंकतात आणि बक्षीस घेऊन पुढच्या गावाला जातात. आमचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

शर्यतीआधी सत्कार झाले. आमच्याकडे कुठलंही काम करायच्या आधीच सत्कार करण्याची पद्धत आहे, नंतर काय होईल सांगता येत नाही म्हणून असावी. सत्कार दीड तास चालले. केळी दादारावांनी दिली होती, म्हणून त्यांना फेटा बांधला. मला ज्येष्ठ धावपटू म्हणून शाल मिळाली. राठोड सरांनी मार्ग समजावून सांगितला. एक मुलगा म्हणाला, "सर, फेरी बरोबर सात किलोमीटर हाय का?" सर प्रामाणिक होते. "मोजली तवा होती," ते म्हणाले. "तवा धरण भरलं होतं. आता हरभऱ्याले पाणी सोडलं, पाणी उतरलं, अन् बेट वाढलं. किती वाढलं ते पळल्यावर समजंल."

पलीकडे न्यायला एकच नाव होती, किसनची. किसन मासेमारी करणारा, वाळका, कमी बोलणारा. एका खेपेला पंधरा माणसं. पाणी उतरल्यामुळे काठाला घोट्याएवढा काळा गाळ होता आणि किसनचा एक नियम होता.

"पाय धुतल्याबिगर डोंग्यात कोणी चढाचं नाही," तो म्हणाला. "गाळ आत आला की मले दिवसभर खरवडा लागते. जो आधी चढला, त्यानं मागच्याच्या पायावर पाणी टाकाचं. एक पाय काठावर, एक पाय डोंग्यात, असं सोताचे सोता धुवाले जासान तं पडसान."

मग त्यानं सगळ्यांवर नजर फिरवली आणि जड माणूस आधी मागच्या टोकाला हवा म्हणून मला बोलावलं. रोडग्यांचा परिणाम. किसननं स्वतः माझ्या पायावर पाणी टाकलं, मी चढलो, आणि त्यानं प्लॅस्टिकचा मग्गा माझ्या हातात दिला. वळून पाहतो तर पुढचा माणूस दादाराव. बूट हातात, पॅन्ट दुमडलेली, डोक्यावर केशरी फेटा. त्यांनी पाय पुढे केला.

मी वाकलो आणि पाणी टाकलं. एक पाय, मग दुसरा. किसनचा नियम होता, त्यात वावगं काहीच नव्हतं. पण दादाराव फेटा सावरत मोठ्यानं म्हणाले, "वा, इवाईबुवा. रंगीत तालीम झाली." काठावरचे सगळे हसले. मीही हसलो. पल्लवी दुसऱ्या खेपेसाठी काठावरच उभी होती. ती हसली नाही. नाव निघाली, धुकं मध्ये आलं, तरी तिचा लाल टी-शर्ट बराच वेळ दिसत होता.

पहिली आणि दुसरी फेरी

पुढच्या खेपांची वाट न बघता सरांनी शिट्टी मारली. उन्हं चढायच्या आत संपवायचं होतं. "मांगून येतील ते मांगून सुरू करतील, जो रेषेवर पहिला तो पहिला," असा त्यांचा साधा हिशेब होता. म्हणजे पल्लवीला आमच्यापेक्षा पाऊण तास उशिरा निघावं लागणार होतं. मी सरांना काही म्हणायला गेलो, पण आमच्या खेपेतले पोलीस भरतीवाले निघूनही गेले होते.

बेट सुंदर आहे, हे मला पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्येच दिसलं, कारण त्यानंतर मी खाली बघूनच पळत होतो. वाट गुरांची. दोन्ही बाजूंना साग, पायाखाली त्याची वाळकी पानं पापडासारखी मोडतात, त्यामुळे मागं कोण किती अंतरावर आहे ते न वळता कळतं. माथ्यावर एक मोहाचं झाड आणि तिथून चारी बाजूंना पाणी. मग उतार, आणि उताराच्या शेवटी एक जुना डांबरी रस्ता. हा रस्ता सरळ पाण्यात जातो. पाण्याच्या कडेला मैलाचा दगड आहे, त्यावर एका गावाचं नाव आणि तीन किलोमीटर. ते गाव धरणात गेलं. दरवर्षी पाणी उतरलं की दगड वर येतो आणि अजून तीनच किलोमीटर राहिले आहेत असं सांगतो.

दादाराव माझ्यापुढे होते. त्या दगडापाशी ते थांबले, फेट्यासकट वाकले आणि हात जोडले. मी मागून पोचलो.

"माह्या मामाचं गाव," ते धापा टाकत म्हणाले. "उन्हाळ्याच्या सुट्ट्या इथंच गेल्या. विहिरीत पोहाले शिकलो."

मी पुढे जाऊ शकत होतो. गेलो नाही. त्यांचे हात खाली येईपर्यंत मी शेजारी उभा राहिलो, मग ते निघाले आणि मी त्यांच्या मागे. बायकोला हे दिसलं असतं तर बरं वाटलं असतं.

फेरी संपली की मनगटाला एक रबरबँड मिळायचा. पहिला मिळाला तेव्हा माझ्या पोटातले चारही रोडगे जागे होते. दुसऱ्या फेरीत चढणावर गंगाबाई भेटल्या. त्या पाण्याच्या ठिकाणी होत्या, तांड्यातल्या, सत्तरीच्या, हातभर बांगड्या आणि आरशांची कांचोळी. नेमून दिलेलं काम पाण्याचे पेले देण्याचं होतं. पण आलेल्या माणसाला उभ्यानं पाणी देऊन वाटेला लावायचं हे त्यांना पटलं नव्हतं. त्यांनी चूल मांडली होती आणि भाकर, ठेचा, ताक तयार होतं. दादाराव अंग चोरून निसटले. मी सापडलो.

"बेस, भिया," त्या म्हणाल्या. मी बसलो. ताक घेतलं. मग बाईंनी विचारलं, "काहून पळून राह्यले एवढे? कोण मांगं लागलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. साक्षगंध, परात, पैज. का सांगितलं कोण जाणे, दमलेला माणूस खरं बोलतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातला ताकाचा पेला काढून घेतला आणि म्हणाल्या, "तं मंग इथं बसून कायले राह्यले? पळा ना."

मी पळालो. कसा ते सांगता येत नाही. शाल कमरेला बांधली होती, ती घट्ट केली आणि उतारावर पाय सोडून दिले. मैलाच्या दगडापाशी दादाराव हात जोडून उभे होते. माझी चाल कमी झाली, सवयीनं. मग मला सासऱ्यांचा जमिनीला टेकलेला हात आठवला, आणि मी मामाच्या गावाला मनातल्या मनात रामराम करून पुढे निघून गेलो. मागून वाळक्या पानांचा आवाज आला नाही. मी व्याह्यांच्या पुढे होतो.

मुलीचा बाप झाल्यापासून माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं होतं आणि मला फार आनंद झाला, हे लपवत नाही.

तिसरी फेरी

तिसऱ्या फेरीत गंगाबाईंनी मला बसवलं नाही. ताक पळता पळता हातात दिलं आणि वर म्हणाल्या, "फेटेवाला लय मांगं हाय." माथ्यावर मोहाखाली पायात गोळे आले, ते गेले. दगड दिसला तेव्हा मी तो पहिल्यांदाच नीट वाचला. शेवटच्या वळणावरून फक्कीनं आखलेली पांढरी रेषा दिसायला लागली. रेषेपाशी राठोड सर वहीपेन घेऊन, निखिल कॅमेरा घेऊन, आणि केव्हाच जिंकून केळी खात बसलेले पोलीस भरतीवाले. दोनशे पावलं राहिली असतील.

"इवाईबुवा," मागून आवाज आला.

माझे गोळे जाईपर्यंत त्यांनी मला गाठत आणलं असावं, दादाराव वळणावर बसले होते. उजवी पोटरी दोन्ही हातांनी धरलेली, तोंड वाकडं, फेटा मानेवर आलेला. त्यांनी मला थांबायला सांगितलं नव्हतं, नुसती हाक मारली होती. मी परत गेलो. याबद्दल मला पश्चात्ताप नाही, कुणीही गेलं असतं. मी त्यांची पोटरी चोळली, फेटा नीट बसवला, त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि आम्ही दोघं लंगडत रेषेकडे निघालो.

पश्चात्ताप आहे तो पुढच्या गोष्टीचा. रेषेपाशी पोचलो. एक पाऊल राहिलं होतं. मी थांबलो, जरा बाजूला झालो, उजवा हात पुढे केला आणि म्हणालो, "आधी तुम्ही."

विचार केला नव्हता. दारात, पंगतीत, गाडीत चढताना, वर्षभर व्याह्यांसमोर माझ्या तोंडून जे निघत होतं तेच निघालं. एकवीस किलोमीटर आणि वाढलेलं बेट पळून आलो, आणि रेषेवर येऊन मी मुलीचा बाप झालो.

पण दादारावही आमच्याकडचेच. "नाई जी," ते म्हणाले. "तुम्ही मले आणलं. आधी तुम्ही."

"असं कसं, तुम्ही मोठे."

"मोठेपणा राहू द्या, निघा तुम्ही."

"नाही, नाही, तुम्ही."

राठोड सर वही घेऊन वाट बघत होते. "कोणीतरी निघा जी," ते म्हणाले. आम्ही दोघांनी एकमेकांना हात केला. पोलीस भरतीवाल्यांपैकी एकानं मोबाईल काढला. तेवढ्यात पाठीमागं वाळकी पानं मोडल्याचा आवाज आला, भराभर जवळ येणारा. आम्ही वळेपर्यंत लाल टी-शर्ट आमच्या दोघांच्या मधून रेषेपार निघून गेला होता. पल्लवीच्या मनगटावर दोन रबरबँड होते, तिसरा सरांनी घातला.

 दादाराव हसून म्हणाले, "वा, सूनबाई. लिहा सर, आमच्या घरची पोरगी." आणि माझ्याकडे वळून, "साक्षगंध झालं, म्हणजे ती आमची. तुमच्या घरचं तं कोणी निघालंच नाही, इवाईबुवा. परात घासून ठेवा."

सगळे हसले. मीही हसलो. पल्लवी गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होती. ती दादारावांकडे वळलीच नाही. तिनं मला विचारलं, "बाबा, गंगाबाई म्हणे तुम्ही पुढं होते. मग थांबले काहून?"

 पोटरीचं सांगता आलं असतं, पण ती पोटरीबद्दल विचारत नव्हती. माझ्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते काढता येईना. मला स्वतःची लाज वाटली, एवढं म्हणतो.

मग ती दादारावांना म्हणाली, शांतपणे, "काका, मी तुमची म्हणता, चालेल. पण मी निघाली यांच्या घरून. दोन्ही घरं एकाच रेषेवर उभी होती आत्ता, मी पाहिलं."

दादारावांनी फेटा काढून परत घातला. राठोड सरांनी बक्षीस समारंभ जाहीर केला आणि पुन्हा सत्कार सुरू झाले.

परतीची नाव

दुपारी ऊन चांगलंच लागत होतं. धुकं गेल्यावर पलीकडचा काठ, तांड्याची घरं, आणि काठावर हातानं ऊन अडवून उभी असलेली माझी बायको, सगळं स्पष्ट दिसत होतं. कोण पुढं निघालं हे तिला तिथून कळलं नसावं.

बेटाच्या बाजूलाही तोच गाळ. दादारावांच्या पायात अजून गोळे होते, म्हणून किसननं त्यांना आधी घेतलं. मग पल्लवी आणि निखिल एकमेकांच्या पायावर पाणी टाकत पुढच्या बाजूनं चढले. मग माझी पाळी आली आणि किसननं मग्गा उचलून जवळ बसलेल्या माणसाच्या हातात दिला. तो माणूस दादाराव होते.

मी म्हणालो, "राहू द्या जी. मी घेतो धुवून."

"पडसान," किसन म्हणाला. "सकाळी सांगतलं ना. आधी चढला त्यानं पाणी टाकाचं. डोंगा कोणाची सोयरीक पाहून नाही कलंडत."

 काठावर राठोड सर होते, पोलीस भरतीवाले होते, आणि भांडी घेऊन उतरलेल्या गंगाबाई होत्या. दादाराव मग्ग्याकडे बघत होते. दुकानात रोज शंभर माणसं ज्याला रामराम करतात, तो माणूस. मला वाटलं ते मग्गा किसनला परत देतील, आणि खरं सांगतो, त्यांनी तसं करावं असंच मला वाटत होतं. माझा उजवा पाय गाळातून वर निघेना.

"आणा," ते म्हणाले.

मी पाय पुढे केला. ते वाकले. एक हात त्यांना नावेच्या काठावर टेकावा लागला, पोटरीमुळे. पाणी गार होतं. त्यांनी नुसतं टाकलं नाही, गाळ चिकट होता म्हणून हातानं बोटांच्या मधून काढला. निखिलनं कॅमेरा उचलला होता, तो त्यानं आपणच खाली ठेवला. कुठं बघावं हे मला कळेना. पाण्याकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं. शेवटी मी त्यांच्या केशरी फेट्याकडे बघितलं, जो माझ्या गुडघ्याच्या खाली होता, आणि सासऱ्यांच्या वेळी जे बघायला हवं होतं ते बघत उभा राहिलो. डोळे भरून आले. घामाचा दिवस होता, कुणाला कळलं नसेल.

दुसरा पाय झाल्यावर दादाराव सरळ झाले. मग्गा बाजूला ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "सकाळी तुम्ही, दुपारी मी. झालं ना बरोबर. आता मांडवात कायले पाहिजे परात?"

मी काहीतरी बोलणार होतो, बहुधा तुमचंच म्हणणं बरोबर असं. तेवढ्यात नावेच्या पुढच्या टोकावरून पल्लवीचा आवाज आला.

"काका, डाव्या टाचेवर राह्यला थोडा."

"दिसून राह्यला मले," दादाराव म्हणाले, आणि पुन्हा मग्गा भरून घेतला.